अण्णांची तिरळी फौज

वस्ताद, अक्का, बाबूभाई आणि तालमीत जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

मला बोलता येत नाही असं नाही. एकदा सुरू झालो की थांबता येत नाही, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. पण आज सुरुवातीलाच अडलोय. समोर अण्णांचा फोटो आहे. फोटोत ते कोट घालून बसलेत. मी अण्णांना कोटात कधी बघितलं नाही. मी बघितलं ते बनियनवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठात खारीच्या केसांचा ब्रश. कोटातल्या माणसाबद्दल मला काही सांगता यायचं नाही. बनियनमधल्या माणसाबद्दल सांगतो.

मिलमधली जी मंडळी लांबून आलीत, त्यांना माहीत नसेल. अण्णा रंगखात्यातून निवृत्त झाले आणि शिशाचे गडी ओतायला लागले. करंगळीएवढे. राक्षस, वेताळ, हडळी, पंखांचे घोडे, दोन तोंडांची सुसर. नुसते ओतायचे नाहीत, रंगवायचे. नुसते रंगवायचे नाहीत, टेबलावर मांडून त्यांची लढाई खेळायची. टेबलावर चादर अंथरायची, खाली विटांचे तुकडे आणि पालथ्या वाट्या घालायच्या, की झाले डोंगर. चादरीवरचा मोर आला की तिथं तळं आहे असं समजायचं.

मी कसा भेटलो तेही सांगतो. मी तेव्हा एका ट्रकवर क्लीनर होतो. म्हणजे वैरागपर्यंत होतो. वैरागच्या बाजारात मी भजी खायला उतरलो आणि ट्रक निघून गेला. भजी चांगली होती, पण ते राहू द्या. चालत, लटकत सोलापूरला आलो. पुढं विजापूरला जायचा विचार होता. अण्णांच्या दारावरून जाताना आत एक म्हातारा चुलीवरून पळीनं काहीतरी चकचकीत ओतताना दिसला. मी बघत उभा राहिलो. ते वर न बघता म्हणाले, "दार धर की. वारा येतोय." मी दार धरलं. त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. विजापूर अजून बघायचंच आहे.

सुरुवात जुन्या बाजारातून झाली होती. तिथं अण्णांना एक परदेशी पत्र्याची पेटी मिळाली. आत धातूचे पाच गडी, शिंगांचे आणि पंखांचे, आणि इंग्रजीत छापलेला एक कागद. अण्णांना वाटलं, हा खेळाचा कायदा. मला म्हणाले, वाच. आता मी आठवीत दोनदा बसलोय, पण इंग्रजीला भीत नाही. मी कागद हातात धरला आणि वाचून दाखवला. फाशावर पाच पडले तर राक्षस तीन विती पुढं. वेताळ पाण्यात उतरत नाही. पहिला डाव वयानं लहान असेल त्याचा. लहान कोण? मी.

दोन वर्षं आम्ही ह्या कायद्यानं लढलो. दोन वर्षं मी जिंकलो. मग एक कॉलेजचा पोरगा आला, त्यानं तो कागद सहज उचलला आणि म्हणाला, ह्यात एवढंच लिहिलंय की ह्या वस्तूंत शिसं आहे, लहान मुलांनी तोंडात घालू नये.

मंडळी, मला टेबलाखाली जावंसं वाटलं. अण्णा शांतपणे एका हडळीच्या नखांना रंग देत होते. म्हणाले, "मला पैल्या दिवशीच कळलं हुतं. एवढुशा कागदात एवढा कायदा मावतोय व्हय?"

मी म्हटलं, मग बोलला का नाही?

"कायदा चांगला हुता की."

असा माणूस कुठं मिळतो? तुम्हीच सांगा.

रंगाचंही तसंच. आयुष्यभर सूत रंगवलेला माणूस, त्याला वाटलं शिसंही रंगेल. मिलचा रंग शिशावरून पाण्यासारखा ओघळायचा. शेवटी ट्रक रंगवणारे आपले बाबूभाई, ते बसलेत तिकडं, त्यांनी एक दिवस बघितलं आणि कपाळाला हात लावला. "पैले अस्तर मारो, अण्णा. नंगे बदन पे रंग नै टिकता." मग ट्रकांचे उरलेले रंग अण्णांकडं यायला लागले. म्हणून आमच्या सगळ्या राक्षसांच्या गदांवर ट्रकच्या फाळक्यावरची फुलं आहेत.

डोळे सगळ्यात शेवटी. डोळे काढताना अण्णा श्वास धरायचे. मला बोलायला बंदी, खोकायला बंदी. पण अक्का, रागावू नका, खरं तेच सांगतो. अण्णांना उजेड मिळायचा तो उतरत्या उन्हाचा, आणि त्याच वेळेला भिंतीपलीकडं तुमच्या भाकऱ्या सुरू व्हायच्या. एकेका थापेला भिंतीला टेकलेलं टेबल हलायचं. ब्रश सरकायचा. एक डोळा नाकाकडं, दुसरा कानाकडं. मी म्हटलं, अक्कांना जरा थांबायला सांगा. तर म्हणाले, "आन् रातच्याला काय हा वेताळ भाजून खायचा?" म्हणून अण्णांची जवळजवळ सगळी फौज तिरळी. त्यांना त्याची फार लाज वाटायची.

आता मुद्द्यावर येतो.

अक्का उद्या सकाळच्या गाडीनं लेकीकडं माळशिरसला चालल्यात. खोली सोडली. आणि अक्कांनी ती फौज सगळी मिळून कधी बघितलेली नाही. शेजारच्या खोलीत दहा वर्षं भाकऱ्या थापल्या, पण बघितली नाही, कारण अण्णा म्हणायचे, पुरी झाली की दाखवतो. दोनशे गडी करायचे, चादरीवर मांडायचे आणि मग तिला हाक मारायची. गेल्या आखाडात दोनशेवा गडी झाला. आणि त्याच आठवड्यात फौज फुटली.

फोडली कुणी? शत्रूनं नाही. आपण.

सुशीलावहिनी, तुमचा धाकटा झोपेत दचकून उठायचा. तुम्ही अण्णांकडून एक तिरळा राक्षस मागून नेला आणि त्याच्या उशाखाली ठेवला. पोरगं झोपलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं. कुणीतरी शोध लावला की सरळ डोळ्यांचा गडी एकाच बाजूला बघतो, तिरळा दोन्ही दारं राखतो. झालं. तिरळ्यांसाठी रांग लागली. अण्णा बिचारे सगळ्यांना सांगायचे, अहो ही माझी चूक हाय, ह्यो घ्या, ह्याचे डोळे नीट हैत. नीट डोळ्यांचा कुणी घेईना. कुणी दुभत्या म्हशीसाठी नेला, कुणी दुकानाच्या उंबऱ्यासाठी, कुणी सुनेसाठी. सुनेपासून राखायला की सुनेला राखायला, ते मी विचारलं नाही. आणीबाणीत एक हवालदार चौकशीला आले होते, घरात फौज जमवलीय असं कुणीतरी सांगितलं म्हणून. ते दोन डाव खेळले आणि जाताना एक वेताळ घेऊन गेले. आज साध्या कपड्यांत मागं बसलेत. नमस्कार साहेब.

आणि वस्ताद, तुम्ही अध्यक्ष आहात, पण दोन तोंडांची सुसर तालमीच्या कोनाड्यात कोण ठेवून बसलंय? वळसंगच्या मैदानात आपला पैलवान चीत झालाच. तुमचं म्हणणं, सुसर नसती तर ह्याहून लवकर झाला असता. असेल.

अण्णांकडं सतरा गडी उरले. बाकीच्या जागी ते भाजके शेंगदाणे मांडायचे. एक दाणा म्हणजे एक राक्षस, जोडदाणा म्हणजे घोडेस्वार. आणि मी, माझ्या जिभेला काय म्हणावं, गप्पांच्या नादात त्यांचं निम्मं घोडदळ खाऊन टाकायचो. अण्णा चादरीकडं बघत म्हणायचे, "पायदळ तरी ठेव."

मी म्हणायचो, जाऊन परत मागा. ते निघायचेही. एकदा सुशीलावहिनींकडं गेले. चहा घेतला. राक्षस हातात घेतला, तर उशीला घासून त्याच्या खांद्याचा रंग उडालेला. अण्णांनी खिशातून ब्रश काढला, रंग नीट केला, पोराच्या उशाखाली ठेवला आणि घरी आले. असे ते बारा घरी गेले. बारा गडी नवे करून आले. आणला एकही नाही.

जायच्या दोन दिवस आधी मी त्यांच्या उशाशी होतो. काहीतरी थोरामोठ्यांसारखं बोलतील म्हणून मी कान लावून बसलो. तर म्हणाले, "तिला एकदा समदं टेबल दाखवायचं ऱ्हायलं बघ."

एवढंच. त्यात कायदा नव्हता, कागद नव्हता. तरी मी हे मला दिलेलं काम समजतो.

म्हणून आज सभेत खुर्च्यांच्या पुढं हे टेबल ठेवलंय. चादर तीच. डोंगर मी लावलेत, जरा वाकडे झालेत. सतरा गडी मांडलेत. बाकीची जागा मोकळी आहे. दाणे ठेवलेले नाहीत.

आणि दुसऱ्यांना सांगायच्या आधी माझं सांगतो. हा पंखांचा घोडा. अण्णांना न विचारता घेतला होता. मी कुठंही निघालो की खिशात असायचा, आणि मी कुठूनही परत इथंच यायचो. घोड्यामुळं की अण्णांमुळं, ते मला कळलेलं नाही. हा मी इथं ठेवला. अठरा झाले.

गडी परत मिळतील का, म्हणून विचाराल. मला माहीत नाही. पोराला पुन्हा भीती वाटली तर काय, हेही मला माहीत नाही, वहिनी. अण्णांनी फौज अक्कांना दाखवायला जमवली, तेव्हा अक्का काय ते सांगतील. पण आधी त्यांनी बघितली पाहिजे.

आता आपण अण्णांसाठी उभं राहू आणि डोळे मिटू. ज्यांच्या खिशात, पिशवीत, ओच्यात काही असेल, त्यांनी मात्र उघड्या डोळ्यांनी पुढं यावं, टेबलाला धक्का लागू देऊ नये. ज्यांचं घरी असेल त्यांनी जाऊन यावं. तालमीपासून कुणाचं घर फार लांब नाही. कोण गेलं, कोण आलं, कुणी काय ठेवलं, हे कुणी बघणार नाही आणि कुणी विचारणार नाही. शोकसभेला दोन मिनिटं शांतता पाळतात. आपली शेवटचं माणूस परत येईपर्यंत चालेल. वस्ताद, घड्याळ खिशात ठेवा.

अण्णा, नमस्कार करतो.

अक्का, मी सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.