भिवाच्या नावाची आरोळी

आमी मूळचे सातारकडचे, जयभीमवाले, आन् घरात पयल्यापासनं फौजेची वड. माझा पणजा, शिपाई भिवा, पयल्या महायुद्धात बसऱ्याला गेला तवा माझा आजा पाळण्यात हुता, आन् पणजा काय परत आला न्हाई. ना मढं, ना राख, ना कुठं दगडावर नाव. काय सांगू तुमाला, माझा बाप, आबा, ऐंशीच्या फुडं गेलाय, पर फोन केला की एकच, वामन, तू त्याच दर्याकडंला ऱ्हातोस, कुठंतरी मानाच्या जागी त्याचं नाव मोठ्यानं घे रं बाबा, माझं डोळं मिटायच्या आत.

आता कुठं घेऊ? मी हितं आखातात, तुबलीत वर्कशॉपला फोरमन, दिवसभर लोखंड आन् यल्ला यल्ला, म्हंजी चला चला. तर आमचा गोरा साहेब, त्यो पूर्वी त्यांच्या फौजेत हुता, दर नोव्हेंबरात कोटाला लाल कागदी फूल लावून मनामा शहरातल्या जुन्या कबरस्तानात जातो, लढाईत गेलेल्यांना मान द्यायला. एका साली फुलांची चक्रं टेकवायला स्टँड माझ्याकडनं करून घेतला. म्या भीत भीतच इचारलं, साहेब, मी येऊ का? तर म्हनला, ये की, घरच्यांना बी आन.

गेलो. गेटातच बूट काढलं, शहीदांच्या फुडं बूट घालून कोन जातंय वो? हिनं बी चपला काढल्या. आमची पोरगी संबोधी, आठवीतली, म्हनली, पप्पा, नोबडी इज डूइंग धिस, आन् तोंड फिरवून लांब हुबी. मराठी समदं कळतं तिला, पर उत्तर इंग्लिशमधी, शाळाच तसली. बिगुल वाजला, समदी गप. आता आपल्या गावाला कसं असतंय, गप ऱ्हायलं की मग एकानं नाव पुकारायचं आन् समद्यांनी साथ द्यायची. मला वाटलं हितं बी तसंच. तवा म्या छाती भरून वरडलो, शिपाई भिवा!

त्यांची गप ऱ्हायची दोन मिंटं सरलीच नव्हती वो! समदं कबरस्तान माझ्याकडं बघाय लागलं. वाटलं खलास, नोकरी गेली. आन् तेवढ्यात मागनं, एकटीच, खणखणीत, संबोधी वरडली, अमर रहे! मागच्या सुट्टीत गावात जवानाची अंत्ययात्रा बघितली हुती तिनं. वळून बघतो तर पोरीच्या पायात बूट न्हाईत. मला रडूच आलं.

नंतर साहेबाफुडं हात जोडलं, चूक झाली म्हनलं. त्यानं इचारलं, भिवा कोन? सांगितलं. त्यानं कोटाचं फूल काढलं आन् भिवाच्या नावानं स्टँडपाशी ठेवलं. लई उपकार वो त्या मानसाचं. आता दर साली दोन मिंटं सरली की त्यो मला मान हलवून खूण करतो, मी नाव घेतो, आन् गोरी मानसं वाकड्या जिभेनं का हुईना, अमर रहे म्हनत्यात.

हिनं मोबाईलात घेतलेला त्या पयल्या सालचा व्हिडिओ आबाला दावला, तर खाटंवरनं उठून हुबा ऱ्हायला. इचारलं, साथ कुनी दिली रं? म्हनलं, तुज्या नातीनं. मग झालं, म्हनला, आता मी जायला मोकळा. पर कुठला जातोय! सुखी ऱ्हावं म्हाताऱ्यानं, दर नोव्हेंबरात माझा फोन यायच्या आधीच टोपी घालून बसलेला असतो.