बटव्यातले सेल

हॅलो?… हां आई, बोल… दुकानातच आहे. फवारणीच्या पंपाची बॅटरी जोडून राह्यले, फोन खांद्यात धरलाय. जल्दी बोल…

संक्रांतीला? येते ना, दुपारच्या गाडीनं… न्हाई, फाट्यावर बाबांना पाठवू नको. पायी येईन मी. केदारखेड्याचा रस्ता काय मला नवा आहे?… दोन महिने झाले तर झाले. बोलायचं न्हाई म्हणजे न्हाई. माझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं का न्हाई, बिडी सोडली म्हणून?… मंग दिवाळीत मागच्या खोलीत धूर कशाचा होता? खाली मान घालून उभे होते, मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं… जाऊ दे. फोन कशाला केल्ता, ते सांग.

सेल?… कोणता सेल चांगला? कशाला पाहिजे, टॉर्चला?… मशीन? कसलं मशीन?… हो, हो… ऐकून राह्यले, सांग ना…

वाफेचं. बरं… बाबांच्या दम्यासाठी. कुणी दिलं?… सुमितनं. मावशीच्या सुमितनं, पुण्याहून आणून… बाटलीतलं औषध टाकायचं, बटण दाबायचं अन् तोंडानं ओढायचं… अन् मंग नाकातोंडातून वाफ. वास कसा येतो गं त्याचा?… गोड? लेकरांच्या गोळीसारखा?

थांब जरा… मैमूनाआपा, हे गिऱ्हाईक तुम्ही पाहा, माझ्या आईचा फोन आहे… हां आई.

अगं, ते औषध न्हाई. सिगारेट आहे ती, सेलवर चालणारी. तिला व्हेप म्हणतात. विकायलासुद्धा बंदी आहे आपल्याकडं… तंबाखूचा अर्क असतो त्याच्यात. दम्याच्या माणसाला कुणी देतं का हे?… सुमित म्हणाला अन् तुम्ही घेतलं. बरं आहे… म्हणजे दिवाळीतला धूर तोच. बिडी सुटली अन् हे धरलं. धन्य आहेत बाबा.

न्हाई, ओरडत न्हाई… तू सेलचं सांग. आत्ता त्याच्यात कोणते आहेत?… एक मशीनमधी, दोन जास्तीचे. बोटापेक्षा जाड… निळं कव्हर. त्याच्यावर काही लिहिलंय?… पेनानं? काय?

लाल फुली.

…हो, आहे मी. हॅलो, आहे… आई, ती फुली मी मारलेली आहे. अगं, जुन्या लॅपटॉपमधले सेल येतात आमच्याकडं. त्यातले जे तापतात, त्यांच्यावर मी फुली मारते अन् भंगाराच्या डब्यात टाकते… हो, सुमित आल्ता ना दुकानात. टॉर्चला सेल दे म्हणाला. मी कामात होते, म्हटलं घे डब्यातून. कोणत्या डब्यातून घेतले, ते मान वर करून पाह्यलंसुद्धा न्हाई मी.

ते दोन आत्ता कुठं आहेत?… बटव्यात. तुझ्या?… सुपारी-अडकित्त्याच्या बटव्यात? अन् कव्हर धड आहे का त्यांचं?… सोललंय. अडकित्ता घासून… बटवा कुठं आहे आई?

कमरेला.

गरम लागतो का?… सकाळपासून?… बरं वाटून राह्यलं? कंबर शेकली जाते?… आई, ऐक. बटवा काढ. आत्ता, बोलता बोलता काढ… नाडी सोडत बसू नको, ओढून तोड… सुपारी जाऊ दे गं… काढला? खाली ठेव, हातात धरू नको… कुठं ठेवला?… कापसाजवळ? ओसरीत एवढा कापूस रचून ठेवलाय अन् त्याच्याशेजारी?… न्हाई, पाण्यात न्हाई, हंड्यात टाकू नको. अंगणात, कोरड्या मातीवर, घरापासून लांब…

कोण आलं?… बाबा? शेतातून?… मंग त्यांना सांग. सांडशीनं उचला म्हणावं… न्हाई, फोन नको देऊ त्यांना, तूच सांग. सांडशीनं, हात लावू नका म्हणावं… अन् ते मशीनही न्या, त्याच्यातही तसलाच सेल आहे… गेले? काय दिसतंय?… अनवाणीच गेले?… टाकून लगेच मागं फिरा म्हणावं…

काय वाजलं?

आई?… हॅलो… आई, बोल ना काहीतरी…

फुटला… बाबा कुठं आहेत?… उभे आहेत. नीट पाह्य, उभे आहेत ना?… पायाला चटका. गार पाणी ओत, ओतत राह्य… कुणी जवळ जाऊ नका तिकडं, जळू दे काय जळतं ते… अन् तुझी कंबर? लाल झालीय?… जराशी. बरं. बरं… न्हाई गं, मी ठीक आहे. अजून घडीभर तो बटवा तुझ्या अंगाला असता तर काय झालं असतं, आई.

एक सांग. बाबा तर सकाळपासून शेतात होते ना?… मंग मशीन घरी कसं? अन् सेल तुझ्या कमरेला कसे?

आई, मी काय विचारून राह्यले?

…रडू नको. सांग फक्त.

तुझं आहे.

…मिसरी सुटंना म्हणून. डॉक्टरनं तोंडातला चट्टा दाखवला तेव्हा मी तुझ्याकडून शप्पथ घेतल्ती, म्हणून… अन् सुमित म्हणाला ह्यानं सुटते… मला सांगायचं होतंस की. मी काय मारलं असतं तुला?… हो, बोलले असते. बोलले असते मी, खरं आहे.

म्हणजे दिवाळीत मागच्या खोलीत तू होतीस… अन् माझा आवाज ऐकून बाबा आत आले. तुला पुढं पाठवलं अन् आपण धुरात उभे राह्यले… मी त्यांना पाहुण्यांदेखत खोटारडे म्हणाले, आई. त्यांच्या जावयासमोर म्हणाले… तू सांगितल्तं का त्यांना, गप्प बसा म्हणून?… न्हाई? आपणहून?… काय म्हणाले ते? पुन्हा सांग…

पोरगी आईवर रुसली तर माहेर तुटतं, बापावर रुसली तर चालतं.

…असं म्हणाले.

न्हाई, रडत न्हाई. आपा, पाणी द्या जरा… आई, फोन दे त्यांना… दे गं. न्हाई, तुला काही बोलणार न्हाई मी, आधी त्यांना दे.

हॅलो… बाबा. मी शीतल… हो, ऐकू येऊन राह्यलं. पाय कसा आहे?… एवढंसं म्हणजे केवढं?… बाबा, कापसाचं राहू द्या, माझं ऐका. माझं चुकलं… न्हाई, मला बोलू द्या. दिवाळीत मी जे बोलले ते… जेवले न्हाई अजून. जेवते… बाबा, तुम्ही विषय बदलू नका हो…

आईला न्हाई बोलणार. तिला डॉक्टरकडं नेते उद्या, सोबत जाऊ… आजच येते मी. चारच्या गाडीनं… हो, फाट्यावर… अंधार न्हाई पडत, पायी येईन, तुमचा पाय दुखंल… तरी येताच न्यायला?

बरं. या मंग.

…चप्पल घालून या, बाबा.