दोनशे चौदाऐवजी दोनशे एक्केचाळीस

...अहो, पण दोनशे चौदा आणि दोनशे एक्केचाळीस यांत फरक तो काय? आकडे तेच, नुसती अदलाबदल! विधानभवनातल्या दोन्ही खोल्यांचे दरवाजे सारखे, आत तसेच टाय लावलेले सात आमदार, टेबलावर तसाच दिवा... हिरवा झाला की बोला, लाल झाला की गप्प! तीन मिनिटं! तीन मिनिटांत मी, वर्लीन स्टॅम्पर, वय अडतीस, नवरा पळालेला, मुलगी बारा वर्षांची, काय काय सांगणार? आता याला काय म्हणायचं!

तुम्हाला सांगते, मी नर्सिंग शिकतेय, दुसरं वर्ष. सरकारी मदत घेते, लपवत नाही. पण मदत हवी तर आठवड्याला तीस तास काम दाखवायचं, आणि पहिल्या वर्षाचं कॉलेज चाललं, दुसऱ्या वर्षाचं म्हणे काम नव्हे! मदत कार्यालयातल्या मिसेस प्रुइट, चष्मा नाकाच्या टोकावर, म्हणतात, "हे बघ वर्लीन, वाचणं म्हणजे बसणं. बसण्याला आम्ही काम धरत नाही." हे त्या बसून सांगतात बरं का! मग काम कुठलं? तर नारिंगी जाकीट चढवायचं आणि शाळेसमोरच्या हमरस्त्यावरचा कचरा उचलायचा. उचलते! सकाळी रस्ता, दुपारी वर्ग, आणि परीक्षेत हृदयाचे कप्पे सांगा... आता याला काय म्हणायचं!

तर शिक्षणालाही काम धरा असं विधेयक आलं. मी फोन करून त्याच्या सुनावणीत बोलायला नाव नोंदवलं, भाषण लिहिलं. नेमकं त्या सोमवारी मेरिबेथचं, माझ्या मुलीचं, पोट दुखायला लागलं. दर सोमवारी दुखायचं. म्हटलं, चल माझ्याबरोबर. तीन तास बस, मग धावत जिने, दाराशी कागद होता त्यावर नाव लिहिलं, पुकारलं, दिवा हिरवा, मी सुरू! "साहेब, मला शिकायचंय, पण मला रस्त्यावर..."

"बाई, बाई, थांबा," अध्यक्ष म्हणाले. "शाळेत मुलांचा छळ होतो, त्याविरुद्धच्या विधेयकाची सुनावणी आहे ही. तुमची खोली दोनशे चौदा."

सगळे हसले. मी कागद गोळा करतेय, कान तापलेत, तेवढ्यात मेरिबेथनं माइक ओढला. "आईची खोली चुकलीय," ती म्हणाली. "माझी नाही."

हसू थांबलं हो.

"माझी आई जाकीट घालून रस्त्यावर असते," पोरगी म्हणाली, "आमची बस तिथूनच जाते. मुली खिडकीतून सोड्याचे रिकामे डबे फेकतात. म्हणतात, तुझ्या आईला काम लागतं ना, घे, आम्ही देतो. मग शाळेत जेवणाच्या रांगेत, मला सरकारी जेवण मिळतं ना, तर फुकटी आली, फुकटी आली. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, लक्ष देऊ नकोस."

आणि मी... तुम्हाला सांगते, मी ते डबे उचलत होते. आणि बस दिसली की हात करत होते! रोज! आत माझी मुलगी आहे म्हणून, हसून, दोन्ही हातांनी! दिवा लाल झाला, पण कुणी थांब म्हणालं नाही.

मग आम्ही पळत दोनशे चौदा गाठली. तिथे एक बाई खुर्च्या रचत होती. माझं नाव पुकारून झालेलं, यादीत नावापुढे शेरा: हजर नाही. आता याला काय म्हणायचं!

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "बेथ, मला का नाही सांगितलंस ग?"

ती खिडकीबाहेरच बघत राहिली. "तू हात करायचीस ना, तेव्हा एवढी खूश दिसायचीस."

मी तिचा हात धरला. आपल्या गावचा फाटा येईपर्यंत सोडला नाही, तिनंही सोडवला नाही.

पुढे? छळाचं विधेयक मंजूर झालं, झोकात! शाळेनं त्या मुलींना दुसऱ्या बसमध्ये टाकलं, मेरिबेथचं सोमवारचं दुखणं गेलं. माझं विधेयक समितीतच निजलंय. पण नव्या कायद्याप्रमाणे पालकांसाठी तासाभराचा वर्ग निघाला, 'मुलांना दयाळूपणा कसा शिकवावा'. मी जाऊन बसले. नुसती बसले! दुसऱ्या दिवशी मिसेस प्रुइट माझ्या तासांच्या कागदावर शिक्का मारत म्हणाल्या, "शाब्बास वर्लीन, हा तास कामात धरला."

मी सही केली. दुसरं काय करणार... त्या वर्गातली कॉफी मात्र चांगली होती हो.