साखळी ओढल्यावर

(काचीगुडा रेल्वे पोलीस चौकी, ऑक्टोबर १९५६ची अखेर)

तातेराव : साहेब, चालान तेवढं करू नका. पंधरा वर्षांची पोर आहे. आईवेगळी.

भगवंतराव : तुमच्या पोरीनं चालत्या गाडीची साखळी ओढली, तातेराव. धक्क्यानं वरची ट्रंक पडली, खाली बसलेल्या पार्वतीबाई म्हणून एका बाईंचं मनगट सुजलं. मी काय लिहू मग?

तातेराव : काहीही लिहा, पण कोर्ट नको. एक तारखेला मराठवाडा मुंबई राज्यात जातो. त्याच दिवशी मला औरंगाबादच्या कचेरीत हजर व्हायचंय. संध्याकाळची गाडी चुकली तर...

भगवंतराव : बसा आधी. मनकर्णा, इकडे ये. कुणी खाली फलाटावर राहिलं होतं का?

मनकर्णा : नाही.

भगवंतराव : मग का ओढलीस?

तातेराव : बोल की गं. साहेब विचारतायत.

मनकर्णा : चालान करा, साहेब.

भगवंतराव : काय म्हणालीस?

मनकर्णा : कोर्टात उभी राहिले तर ते लोक मला नको म्हणतील.

भगवंतराव : कोण लोक?

मनकर्णा : आबांना विचारा.

तातेराव : अंबडजवळचं स्थळ आहे, साहेब. मी दिवसभर कचेरीत. नव्या गावात हिला कुणाच्या भरवशावर ठेवू? माघात लग्न करतो म्हणून शब्द दिलाय.

मनकर्णा : मी नववीत पहिली आले. अन् हे मला गाडीत बसल्यावर सांगितलं.

भगवंतराव : पोरी, मॅजिस्ट्रेट तुला सुधारगृहात धाडील. लग्न मोडेल, पण शाळाही जाईल. मागच्या साली मीच एकीचं चालान केलं. ती परत आली तर घरच्यांनी दार उघडलं नाही.

मनकर्णा : मग मी काय करू?

भगवंतराव : बाहेर बाकावर पार्वतीबाई बसल्यात. तक्रार नको म्हणाल्या. त्यांची माफी माग. त्याही संध्याकाळच्याच गाडीनं परभणीला निघाल्यात. तिथपर्यंत त्यांचं सगळं तू बघायचं.

मनकर्णा : बघते.

भगवंतराव : तातेराव, तुम्ही मुचलका लिहून द्यायचा.

तातेराव : देतो की. पुन्हा असं होणार नाही म्हणून.

भगवंतराव : एवढंच नाही. 'मुलीला मॅट्रिक होईपर्यंत शाळेत ठेवीन', हेही.

तातेराव : हे कायद्यात बसतं, साहेब?

भगवंतराव : नाही बसत. तिला सोडणं तरी कुठं बसतं?

तातेराव : त्या लोकांना काय तोंड दाखवू मी?

मनकर्णा : आबा, मी भ्याले होते. कुणाला लागेल असं मनातही नव्हतं.

तातेराव : मला का नाही म्हणालीस?

मनकर्णा : म्हणाले. तुम्ही सामान मोजत होता.

भगवंतराव : तातेराव?

तातेराव : आणा कागद.

भगवंतराव : उर्दूत लिहितो. हाताला तीच सवय आहे.

मनकर्णा : मराठीत लिहा ना, साहेब. मला वाचता आलं पाहिजे.

तातेराव : मराठीतच लिहा. दोन प्रती करा. एक हिच्यापाशी राहू द्या.