अकरा नंबरचा शर्ट

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक दीर आणि त्याची भावजय उभे होते.

"एका गुणाने हरलो, वहिनी! चेंडू हातात आला की मार लाथ, आला की मार लाथ. अरे, रग्बी आहे, पळायचं कोणी?"

"मी कुठे सामना बघते, भावजी? संघाचे शर्ट धुते तेवढं. सात नंबरचा तर चिखलाने असा जड झालेला, तीन पाण्यांतून काढला."

"वाघ आहे तो! आणि अकरा नंबर? त्याच्याइतकं संघात कोणी पळत नाही."

"त्याचा कोरा. एक डाग नाही."

"बघा! चेंडूच दिला नाही त्याला. ऐंशी मिनिटं नुसता कडेला उभा. मी असतो तर जागा सोडून मध्ये घुसलो असतो."

"तो नाही घुसला?"

"छे! शेवटपर्यंत जागेवर, तयारीत."

"तरीच."

"तरीच काय?"

"कॉलर चावून चावून पार चोथा केलाय. नवी शिवली मी. शनिवारी लागेल ना त्याला."

"आणि शनिवारीही हेच डावपेच असले तर?"

"म्हणून तर जाड कापडाची शिवली."