सतरा नंबरची बाटली

रक्ततपासणीसाठी नंबर लावून बसलो होतो. शेजारी दोन म्हातारे डॉक्टर, एक बाई आणि एक गृहस्थ, बऱ्याच वर्षांनी भेटले होते. एकेकाळी दोघांच्याही स्वतःच्या लॅब होत्या.

“आपल्या असोसिएशनची ती बाटली आठवते, मॅडम?”

“न आठवायला काय झालं? एकच रक्त तीस बाटल्यांत भरून तीस लॅबना पाठवायचे आणि शनिवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचे आकडे वाचायचे. कुणाची तपासणी चुकतेय ते लगेच कळायचं!”

“नावं कुठे वाचायचे? नुसते बाटलीचे नंबर.”

“पण ज्याचा आकडा चुकला त्यानं आपणहून उभं राहायचं, हा नियम होता ना! मग दुसऱ्या दिवशी चौघंजण जाऊन त्याची मशीन तपासून द्यायचे.”

“आता कोण उभं राहतंय!”

“एक विचारू? एकदा सतरा नंबरच्या बाटलीचा आकडा चुकला होता ना, ती बाटली माझी होती. लॅब नवीन, हिमोग्लोबिन पार चुकलेलं. मी उठणार, तेवढ्यात तुम्ही कसे उभे राहिलात?”

“तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता.”

“मग ते चौघं तुमच्याकडे आले?”

“आले की. दिवसभर माझी धडधाकट मशीन उघडून बसले बिचारे.”

“आणि संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे आलात. दोन तास मशीनशी खटपट करत होतात. मी वेडी, मला वाटलं होतं मला भेटायला आलात.”

आतून त्या गृहस्थांचा नंबर पुकारला. काठी सावरत ते उठले.

“दोष दहा मिनिटांत सापडला होता, मॅडम.”