साठाचे ऐंशी

मावशी : …म्हणून म्हणते, ते पत्र साहेबांना धाडू नकोस.

इंजिनिअर : पाठवलं, मावशी. जेवणाआधीच. सोलर पॅनेलच्या तीस व्होल्टचे चारशे करणारा कन्व्हर्टर काही मला जमला नाही, असं सरळ लिहिलं. आठ महिने राबले आणि सकाळच्या टेस्टला स्विच फट्‌कन उडाला. आता साहेब बाहेरून तयारच मागवणार.

मावशी : तुझं नाही चुकलं. त्यातली मी गुंडाळलेली कॉइल उकलून पाहिली.

इंजिनिअर : ती जळकी? कशाला?

मावशी : मनात पाल चुकचुकली. चारशे व्होल्टच्या बाजूला तारेचे ऐंशी वेढे सांगितलेस ना? साठच निघाले.

इंजिनिअर : साठ? तीस वर्षांत तुमचा एक वेढा कधी इकडचा तिकडे झाला नाही!

मावशी : मशीनच्या काउंटरवर सहाचा मला आठ दिसला. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. वर्षभर कुणाला बोलले नाही. दिसत नाही म्हटल्यावर वाइंडिंगवालीला कोण ठेवून घेतं?

(इंजिनिअर कागदावर आकडे मांडते.)

इंजिनिअर : वेढे कमी, म्हणून व्होल्टेज चढेना. ते चढवायला कंट्रोलरनं स्विच जास्त वेळ चालू ठेवला. मग त्याच्यावरचा ताण सत्तर व्होल्टवरून ऐंशीच्या पार…

मावशी : म्हणजे मीच मारला त्याला.

इंजिनिअर : अर्धा. जेमतेम ऐंशी व्होल्ट सोसणारा स्विच मी घेतला, अगदी काठावरचा. थोडं पुढेमागे झालं तरी तगायला हवा होता.

मावशी : माझं पाप वाटून घेऊ नकोस. साहेबांना लिही, माझ्या नावानिशी. माझ्या लपवाछपवीपायी तुझं काम बुडायला नको.

इंजिनिअर : लिहिते. तुमचं लिहिते, स्विचचंही लिहिते. आणि आणखी एक टेस्ट मागते. नवी कॉइल आज गुंडाळू, काउंटर मी वाचेन.

मावशी : आणि मला काढलं तर?

इंजिनिअर : वेढ्याला वेढा असा चिकटून बसवणारा हात दुसरा नाही, हेही लिहिते. पण डोळ्यांचं काय? ऑपरेशन कधी?

मावशी : दोनदा तारीख मिळाली, दोनदा मीच ढकलली. आता सोमवारची आहे.

इंजिनिअर : बरोबर कोण येणार?

मावशी : कोण येणार गं? लेक तिकडे लांब. जाईन माझी मी.

इंजिनिअर : टेस्ट मी सोमवारीच मागणार होते.

मावशी : मग माग की.

इंजिनिअर : नको. मंगळवारी मागते.